टेलिकास्टरचा आवाज ओळखायला शिकताना: नव्या वादकांसाठी मार्गदर्शक

कॅलिफोर्नियातील फुलरटन या गावात 1950 साली विक्रीसाठी तयार होऊ लागलेली फेंडर कंपनीची टेलिकास्टर ही गिटार आजही जवळपास त्याच रूपात बनते आणि म्हणूनच इलेक्ट्रिक गिटारचा अभ्यास सुरू करण्यासाठी तिच्याइतके सोयीचे वाद्य दुसरे नाही. मात्र तिच्याकडे नव्याने वळणाऱ्याच्या कानावर सुरुवातीलाच इतकी परस्परविरोधी मते पडतात, की आवाज लाकडातून येतो की पिकअपच्या, म्हणजे तारांचा कंप टिपून तो विजेच्या रूपात अ‍ॅम्पकडे पाठवणाऱ्या चुंबकी वेटोळ्याच्या, तारेतून, तो जुन्याच गिटारीत असतो की नव्या गिटारीतही मिळतो, या प्रश्नांतच त्याचा उत्साह अडकून पडतो. माझे मत असे आहे, की एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने वाद्य सोपे, स्वस्त आणि दुरुस्त करता येण्याजोगे व्हावे म्हणून जे निर्णय घेतले, त्यांतून हा आवाज घडला आणि त्यातला प्रत्येक निर्णय सुटा करून कानाने तपासता येतो. हे तपासणे जमेपर्यंत जुन्या गिटारीवर पैसे खर्च करण्याची घाई करू नये. त्यासाठी पुढील क्रम सुचवतो.

पहिली पायरी: इतिहासातला आवश्यक भाग समजून घ्यावा

लिओ फेंडर यांना गिटार वाजवता येत नव्हती. 1938 पासून ते फुलरटनमध्ये रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवत होते आणि स्थानिक वादकांचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीसाठी त्यांच्याकडे येत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांनी डॉक कॉफमन यांच्यासोबत लॅप स्टील गिटारी आणि अ‍ॅम्प बनवायला सुरुवात केली आणि 1946 मध्ये स्वतःची कंपनी उभी केली. लॅप स्टील म्हणजे मांडीवर आडवी ठेवून धातूच्या दांडीने वाजवायची गिटार. आपल्याकडे ती हवाइयन गिटार या नावाने परिचित आहे आणि व्हॅन शिप्ली यांनी तिच्यावर वाजवलेल्या हिंदी चित्रपटगीतांमुळे मुंबईकर श्रोत्यांच्या एका पिढीच्या कानात तिचा आवाज बसलेला आहे. हा धागा महत्त्वाचा आहे, कारण टेलिकास्टरच्या ब्रिजजवळच्या, म्हणजे शरीरावर तारा जिथे टेकतात त्या भागाजवळच्या, पिकअपची मूळ रचना फेंडरच्या लॅप स्टीलवरूनच आलेली आहे. वेस्टर्न स्विंग या अमेरिकी कंट्री नृत्यसंगीताच्या सभागृहांत हा धारदार, लांबवर पोहोचणारा आवाज लोकांच्या आवडीचा होता आणि उभ्याने वाजवायच्या साध्या गिटारीतूनही तो निघावा, ही वादकांची गरज होती.

त्या काळी प्रचलित असलेल्या पोकळ शरीराच्या गिटारी मोठ्या आवाजात घुमू लागत. अ‍ॅम्पमधून निघालेल्या ध्वनीने गिटारीची फळी कंप पावे, तो कंप पिकअप पुन्हा अ‍ॅम्पकडे पाठवे आणि शेवटी वाद्यातून अनावर शिट्टी निघे. भरीव लाकडाने ही अडचण बरीच कमी होते. ही कल्पना एकट्या फेंडर यांची नव्हती. रिकनबॅकर कंपनीची धातूची लॅप स्टील 1930 च्या दशकातच बाजारात आली होती आणि पॉल बिग्सबी यांनी 1948 मध्ये मर्ल ट्रॅव्हिस या वादकासाठी भरीव शरीराची गिटार घडवली होती. फेंडर यांचे वेगळेपण असे, की कारखान्यात मोठ्या संख्येने बनवता येईल अशी गिटार त्यांनी आखली. 1948 मध्ये त्यांच्याकडे आलेले जॉर्ज फुलरटन या कामात त्यांचे सहकारी होते.

1949 मध्ये पाइनच्या लाकडाचा नमुना झाला आणि 1950 च्या वसंतात एस्क्वायर या नावाने एका पिकअपची गिटार व्यापाऱ्यांपुढे आली. मेपलची मान इतकी टणक, की आत लोखंडी सळईची गरज नाही, अशी लिओ यांची समजूत होती. प्रत्यक्षात सुरुवातीच्या गिटारींच्या माना तारांच्या ताणाने वाकू लागल्या. विक्रीची बाजू सांभाळणाऱ्या डॉन रँडल यांच्या आग्रहामुळे ही सळई, म्हणजे ट्रस रॉड, आला आणि 1950 च्या अखेरीस दोन पिकअपची गिटार ब्रॉडकास्टर या नावाने विकली जाऊ लागली. फेब्रुवारी 1951 मध्ये ग्रेच कंपनीने टेलिग्रामने कळवले, की जवळपास याच नावाचे ड्रम ती आधीपासून विकते आहे. फेंडरने वाद घातला नाही. छापून तयार असलेल्या चिकटपट्ट्यांवरचे मॉडेलचे नाव कात्रीने कापून टाकले आणि फक्त कंपनीचे नाव असलेल्या गिटारी काही महिने बाहेर पाठवल्या. आज संग्राहक त्यांना नोकास्टर म्हणतात. त्यानंतर 1951 मध्येच नव्याने घरोघरी येऊ लागलेल्या टेलिव्हिजनवरून टेलिकास्टर हे नाव ठरले. ब्रॉडकास्टर, नोकास्टर आणि पहिल्या टेलिकास्टर या नावापुरत्याच वेगळ्या आहेत, एवढे नव्या वादकाने लक्षात ठेवले तरी जाहिरातींतली बरीच भाषा आपोआप उलगडते.

दुसरी पायरी: गिटार हातात घेऊन बांधणी पाहावी

टेलिकास्टर जातीची कोणतीही गिटार, मग ती नवी आणि साधी का असेना, टेबलावर ठेवून नीट न्याहाळावी. शरीर म्हणजे सपाट फळी असते, तिला कडेने एकच खाच असते आणि पोटाशी लागणारा भाग गोलसर केलेला नसतो. 1950 च्या दशकात ही फळी बहुधा अ‍ॅश लाकडाची असे आणि रेषा दिसतील असा पिवळसर पारदर्शक रंग तिच्यावर दिलेला असे. मान एकसंध मेपलची. फ्रेट, म्हणजे सुरांच्या जागा ठरवणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्या, थेट तिच्यातच बसवलेले. ट्रस रॉड मागच्या बाजूने आत घातलेला असल्याने मानेच्या पाठीवर गडद अक्रोडाची लांब पट्टी दिसते. मान आणि शरीर डिंकाने जोडलेले नसून चार स्क्रूंनी आवळलेले असतात. मान बिघडली तर ती काढून दुसरी लावावी, हा रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा विचार इथे उघड दिसतो.

नट (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज हे तारेचे अंतर साडेपंचवीस इंच, म्हणजे सुमारे 648 मिलिमीटर असते. गिब्सन या कंपनीच्या बहुतेक गिटारींत ते सुमारे 628 मिलिमीटर असते. हा फरक छोटा वाटला तरी तेवढ्याने तारेचा ताण वाढतो आणि खर्जाच्या तारांचा आवाज अधिक मोकळा, स्पष्ट येतो. जुन्या मॉडेलच्या मानेचा वरचा पृष्ठभाग बराच गोलाकार असतो, त्याची त्रिज्या सव्वासात इंच असते. कॉर्ड धरताना हा आकार हाताला सुखाचा वाटतो. पण तारा फार खाली बसवल्या असतील, तर वरच्या फ्रेटवर तार ओढताना ती मध्येच अडून आवाज मरतो. जुन्या धर्तीची गिटार घेणाऱ्याने तारांची उंची थोडी जास्त ठेवण्याची तयारी ठेवावी.

ब्रिजकडे मात्र जरा वेळ थांबावे, कारण या वाद्याचे मर्म तिथे आहे. पोलादी पत्र्याची, कडा वर वळवलेली एक उथळ ताटली, तिच्यात तिरका बसवलेला पिकअप आणि पितळेच्या तीन आडव्या नळ्या, प्रत्येक नळीवर दोन तारा. तारा शरीराच्या पाठीमागून, धातूच्या सहा टोप्यांतून वर येतात. नळ्या तीनच असल्याने प्रत्येक तारेचा सूर स्वतंत्रपणे अचूक करता येत नाही. मूळ रचनेच्या काळात तिसरी तारही गुंडाळलेली असे आणि तेव्हा ही तडजोड बऱ्यापैकी जुळत असे. आजच्या संचातली तिसरी तार साधी असल्यामुळे चौथी आणि तिसरी ही जोडी एकमेकींशी भांडते. अशा वेळी नळी थोडी तिरकी बसवण्याची सोय असलेल्या पितळी नळ्या मिळतात, त्या लावाव्यात. प्रत्येक तारेला सुटे सॅडल (तार टेकण्याचा तुकडा) असलेला सहा सॅडलचा ब्रिज लावण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण दोन तारांच्या एकत्र दाबाखाली असलेल्या पितळेतून येणारा टणक आवाज त्यात काहीसा पातळ होतो, असा माझा अनुभव आहे.

तिसरी पायरी: दोन पिकअप वेगळे ऐकावेत

ब्रिजचा पिकअप तिरका असतो. बारीक तारांखालचे चुंबक ब्रिजच्या अधिक जवळ आणि जाड तारांखालचे थोडे दूर, अशी ही ठेवण आहे. तार ब्रिजपाशी कमी हलते आणि तिथे तिचे उच्च स्वरांश प्रबळ असतात, त्यामुळे बारीक तारा धारदार वाजतात आणि जाड तारांचा भरीवपणा टिकून राहतो. पिकअपच्या तळाला तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी असते आणि भोवती ब्रिजचा पोलादी पत्रा असतो. या दोन्हींमुळे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि आवाजाला मध्यसप्तकात एक जोर येतो. फेंडरच्याच स्ट्रॅटोकास्टर या गिटारीचा ब्रिजजवळचा पिकअप याच जातीचा असूनही त्याला पोलादाचा हा शेजार नसतो आणि म्हणून तो तुलनेने बारीक वाटतो. टेलिकास्टरचा खणखणीतपणा नुसत्या तीक्ष्णतेतून येत नाही. तीक्ष्णतेखाली भक्कम अंग असते आणि ते ऐकू येऊ लागले, की ही गिटार ओळखू येऊ लागते.

मानेजवळचा पिकअप लहान असतो, त्यावर अधिक बारीक तार गुंडाळलेली असते आणि तो धातूच्या टोपणाखाली झाकलेला असतो. हे टोपण उच्च स्वरांश थोडे गिळते, म्हणून आवाज गोल आणि मऊ येतो. जुन्या रचनेत हा पिकअप थेट लाकडात स्क्रूने बसवलेला असतो. त्याची उंची बदलायची तर आधी पिकगार्ड, म्हणजे शरीरावरची संरक्षक पट्टी, काढावा लागतो.

आता सराव असा करावा. गिटार स्वच्छ आवाजाच्या अ‍ॅम्पला जोडावी, मध्ये कोणतेही पेडल ठेवू नये. चार-पाच स्वरांची एकच ओळ निवडावी आणि ती पिकअप निवडणाऱ्या स्विचच्या तिन्ही जागांवर, तितक्याच जोराने वाजवावी. मग स्विच ब्रिजकडे ठेवून तीच ओळ आधी ब्रिजला अगदी खेटून, मग दोन पिकअपच्या मध्ये आणि शेवटी मानेच्या टोकाशी पिक मारून वाजवावी. उजव्या हाताची जागा बदलल्याने होणारा फरक स्विच बदलल्याने होणाऱ्या फरकाइतकाच मोठा आहे, हे कानाला पटेपर्यंत हा सराव थांबवू नये. शेवटी व्हॉल्यूमचा नॉब दहावरून सहा-सातवर आणावा. बऱ्याच गिटारींत यामुळे आवाज कमी होतो आणि त्याची धारही बोथट होते. या गिटारीचे जाणते वादक टोनपेक्षा हाच नॉब अधिक वापरतात.

स्विचबद्दल एक गोष्ट ठाऊक नसेल, तर जुनी गिटार हाती आल्यावर ती बिघडली आहे असाच समज होतो. सुरुवातीच्या रचनेत दुसरा नॉब टोनचा नव्हताच. ब्रिजच्या जागी स्विच असताना मानेचा पिकअप किती मिसळायचा, हे तो ठरवत असे. 1952 पासून ब्रिजकडची जागा म्हणजे टोनसह ब्रिजचा पिकअप, मधली जागा म्हणजे टोनसह मानेचा पिकअप आणि पुढची जागा म्हणजे कपॅसिटर या विद्युत भागाने उच्च स्वरांश जवळपास पुसून टाकलेला मानेचा पिकअप, अशी मांडणी झाली. पुढच्या जागेचा तो जाड, दबका आवाज गिटारीवर बासची साथ करता यावी म्हणून ठेवला होता. दोन्ही पिकअप एकत्र वाजवण्याची, आज सगळ्यांना परिचित असलेली मधली जागा 1967 च्या सुमारास आली. म्हणजे 1955 ची न बदललेली टेलिकास्टर घेतली, तर तिच्यात तो गोड मिश्र आवाज मिळणार नाही.

चौथी पायरी: अ‍ॅम्प साधा ठेवावा

ही गिटार फेंडरच्याच व्हॉल्व्हच्या (काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्यांच्या) अ‍ॅम्पसोबत वाढली. 1950 च्या दशकातले विणलेल्या कापडाने मढवलेले अ‍ॅम्प उबदार वाजतात आणि त्यांचा आवाज लवकर फाटतो. 1963 नंतरचे काळ्या तोंडाचे अ‍ॅम्प अधिक स्वच्छ आणि चकचकीत आवाज देतात. घरी असा अ‍ॅम्प असण्याची गरज नाही. जो असेल त्याचे ट्रेबल निम्म्याच्या खाली आणून सुरुवात करावी, बास निम्म्यावर ठेवावा, रिव्हर्ब (घुमल्याचा परिणाम) किंचित द्यावा आणि ब्रिजच्या पिकअपवर कान टोचत नाही अशा जागी ट्रेबल थांबवावे. बहुतेक नवे लोक मानेच्या पिकअपवर आवाज जुळवतात आणि मग ब्रिजकडे स्विच नेला, की दचकतात. क्रम उलटा ठेवावा.

पाचवी पायरी: वादक ऐकावेत, पण ठरवून

सुरुवात जिमी ब्रायंट यांच्यापासून करावी, कारण फेंडरच्या नव्या गिटारीवर सफाईने आणि प्रचंड वेगाने वाजवून तिची क्षमता सर्वांत आधी दाखवणाऱ्यांपैकी ते एक होते. त्यानंतर बेकर्सफील्डचे बक ओवेन्स आणि डॉन रिच. या दोघांच्या वादनात ब्रिजच्या पिकअपचा तो झणझणीत आवाज निर्भेळ ऐकू येतो आणि गाणाऱ्याच्या ओळीच्या शेवटी गिटार कशी उत्तर देते, हे शिकता येते. जेम्स बर्टन यांनी बारीक तारांसाठी बँजोच्या तारा चढवल्या आणि त्यामुळे तार सहज ओढता येऊ लागली. 1969 पासून ते एल्विस प्रेस्ली यांच्या वाद्यवृंदात होते. मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत स्टीव्ह क्रॉपर यांनी दाखवले, की दोन तारांवरचा छोटासा तुकडा योग्य मात्रेवर पडला तर तो सबंध गाणे तोलून धरतो.

मडी वॉटर्स यांची लाल टेलिकास्टर स्लाइडसाठी, म्हणजे तारांवर नळी सरकवून वाजवण्यासाठी, ऐकावी. इथे लॅप स्टीलशी असलेले नाते पुन्हा स्पष्ट होते. रॉय बुकॅनन यांच्या वादनात व्हॉल्यूमचा नॉब करंगळीने फिरवून स्वराचा आरंभ पुसून टाकण्याचे तंत्र लक्षपूर्वक ऐकावे. कीथ रिचर्ड्स पाच तारांवर, खुल्या जी सुरात, म्हणजे नुसत्या तारा छेडल्या तरी जी कॉर्ड वाजेल अशा जुळवणीत, वाजवतात. लेड झेपेलिनच्या 1969 मधील पहिल्या अल्बमवर जिमी पेज यांनी मुख्यतः टेलिकास्टर वापरली, ही गोष्ट तो आवाज ऐकताना मुद्दाम आठवावी, कारण हे कंट्री संगीताचे वाद्य आहे ही समजूत तिथेच गळून पडते. एका बैठकीत एकच वादक ऐकावा आणि प्रत्येक वेळी एवढेच विचारावे: स्विच कुठे असेल, उजवा हात कुठे असेल?

सहावी पायरी: बदलांचा काळ लक्षात ठेवावा

1954 च्या अखेरीपासून काळ्या पिकगार्डच्या जागी पांढरा आला. 1959 मध्ये मानेवर रोजवूडची पट्टी आली. जानेवारी 1965 मध्ये सीबीएस या कंपनीने 1 कोटी 30 लाख डॉलरना फेंडर विकत घेतली आणि त्यापूर्वीच्या गिटारींना आज वेगळा भाव मिळतो. 1968 मध्ये आतून कोरलेली थिनलाइन आली, 1972 मध्ये हंबकर (दोन वेटोळ्यांचा, गुणगुण कमी करणारा) पिकअप असलेली कस्टम आली. 1982 मध्ये फेंडरने 1952 च्या धर्तीवर पुन्हा गिटार काढली. जुना आवाज हवा पण जुन्या वस्तूची जोखीम नको, अशा व्यक्तीने या मालिकेतली किंवा तिच्या धर्तीवरची गिटार पाहावी, असे मी निःसंकोच सांगेन.

सातवी पायरी: जुनी गिटार तपासताना

अनुक्रमांक सुरुवातीला ब्रिजच्या पत्र्यावर आणि 1950 च्या दशकाच्या मध्यापासून मानेच्या मागच्या पत्र्यावर असे. हे आकडे काटेकोर क्रमाने वापरले गेले नाहीत, म्हणून केवळ त्यांवरून वर्ष ठरवू नये. मान काढली, तर तिच्या टोकावर पेन्सिलने लिहिलेली तारीख आणि कारागिराची आद्याक्षरे सापडण्याची शक्यता असते. नॉबखालच्या पॉटवर (नॉबने फिरणाऱ्या विद्युत भागावर) आकडे ठोकलेले असतात: 304 ने सुरू होणारा आकडा स्टॅकपोल या उत्पादकाचा, पुढचा एक अंक वर्षाचा आणि त्यापुढचे दोन आठवड्याचे. म्हणजे 304234 हा पॉट 1952 च्या चौतिसाव्या आठवड्यातला. पॉट आधी घेऊन ठेवलेले असत, त्यामुळे गिटार त्या तारखेनंतरची असू शकते, आधीची असू शकत नाही.

डाख मूळचा असेल तर तो मंद राखाडी दिसतो. ताजा, चकाकणारा डाख दिसला तर काय बदलले ते विचारावे. पिकगार्डखाली मानेजवळचा खड्डा मोठा केलेला आहे का, हे आवर्जून पाहावे, कारण हंबकर बसवण्यासाठी अनेक चांगल्या टेलिकास्टर कोरल्या गेल्या. पुन्हा रंगवलेल्या गिटारीची किंमत बरीच उतरते. आवाजात मात्र तसा फरक पडेलच असे नाही आणि वाजवण्यासाठीच घेणाऱ्याला ही संधी ठरू शकते. बदललेल्या फ्रेटमुळे गिटार नाकारू नये. हे सर्व विक्रेत्यासमोर, त्याच्या संमतीने आणि शक्यतो जाणत्या कारागिराच्या हातूनच उघडावे.

परदेशात राहून जुनी गिटार भारतात आणू पाहणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. 1959 ते 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या पट्ट्यांत ब्राझिलियन रोजवूड आढळते आणि हे लाकूड 1992 पासून दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. परवान्याशिवाय ते सीमेपार नेता येत नाही. व्यवहार करण्यापूर्वीच कागदपत्रांची चौकशी करावी. एकसंध मेपलच्या मानेला ही अडचण नाही.

आठवी पायरी: आपल्याकडची वीज आणि पावसाळा

टेलिकास्टरचे पिकअप एकेरी वेटोळ्याचे आहेत, त्यामुळे ते विजेची गुणगुण पकडतात. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची असल्याने ही गुणगुण अमेरिकेतल्या 60 हर्ट्झच्या गुणगुणीपेक्षा थोडी खर्जात ऐकू येते. जुन्या इमारतींत अर्थिंग नीट नसणे ही नेहमीची गोष्ट आहे. तारांना हात लावला की गुणगुण कमी होत असेल, तर गिटारीतली जोडणी बहुधा ठीक आहे. उलट तारांना किंवा ब्रिजला स्पर्श करताच झिणझिण्या जाणवल्या, तर वाजवणे त्याच क्षणी थांबवावे, अ‍ॅम्पची पिन काढावी आणि इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचे अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय ती पुन्हा लावू नये. गुणगुणीचा उरलेला भाग अ‍ॅम्पसमोर बसण्याचा कोन बदलून, ट्यूबलाइट आणि चार्जर दूर ठेवून कमी करता येतो. मोठ्या आवाजात ब्रिजचा पिकअप शिट्टी मारू लागला, तर वेटोळ्यात मेण पुरेसे मुरलेले नसण्याची शक्यता असते; ते काम कारागिराकडे द्यावे, घरच्या गॅसवर मेण तापवण्याच्या फंदात पडू नये.

कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा लाकडात शिरतो आणि मान हलते. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि दिवाळीच्या आसपास, असे वर्षातून दोनदा, पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मधल्या फ्रेटपाशी किती फट उरते ते पाहावे. फट वाढली असेल तर ट्रस रॉड पाव फेऱ्याहून अधिक एका वेळी फिरवू नये आणि मान स्थिरावायला एक दिवस द्यावा. जुन्या धर्तीच्या गिटारीत ट्रस रॉडचा नट मानेच्या शरीराकडच्या टोकाला असतो. त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी तारा सैल करून मानेचे स्क्रू ढिले करावे लागतात. हे करताना चारही स्क्रू हाताच्या पेचकसानेच फिरवावेत आणि परत आवळताना ते आधीच्याच आट्यांत बसले आहेत याची खात्री करावी, म्हणजे लाकडातली पकड शाबूत राहते.